निळ्या पट्टीचं दूध

दाजी गेले त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. ते गेल्यावर चार-पाच दिवसांनी गोठ्यावर शोकसभा झाली. चारा साठवायच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मॅनेजर उभे राहिले आणि म्हणाले, या माणसानं चौतीस वर्षांत दुधाच्या टाकीत एक वाईट थेंब जाऊ दिला नाही. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण दोन-चार जणांनी वाजवल्या. मग कोणीतरी म्हणालं, मेव्हण्यांनीही दोन शब्द बोलावेत. मी उठलो, घसा साफ केला, "दाजी चांगले होते" एवढं म्हटलं आणि बसलो.

मॅनेजर खोटं बोलले नव्हते. टाकीत थेंब गेला नाही हे खरंच आहे. तो कुठे गेला ते मला ठाऊक होतं आणि ताईला ठाऊक होतं. ताई त्या सभेला आली नव्हती.

तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर टपाल कचेरीत दुसऱ्यांची पत्रं खणांत टाकली. मागे-पुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणायचो म्हणून शेजारचे म्हणू लागले, मग गोठ्यावरचे, आणि शेवटी त्यांची स्वतःची आईसुद्धा "दाजी आला का गं?" असं विचारायची. बुटके, रुंद, मानेत जरा खाली गेलेले. दोन्ही अंगठे आतल्या बाजूला वळलेले, कारण सगळा जन्म त्यांनी हातानं धार काढली. गोठ्यात मशीन होतं, पण ते चांगल्या गाईंना. आजारी गाईला मशीन लावलं तर तिचा आजार नळीतून पुढच्या गाईला जातो, म्हणून कास सुजलेल्या, ताप आलेल्या गाईंची धार हातानं काढायची. त्या गाई वेगळ्या छपराखाली बांधत आणि ते छप्पर दाजींचं.

तिथली रीत अशी होती. गाईला औषध सुरू केलं की तिच्या मागच्या पायाला निळी पट्टी बांधायची. पट्टी आहे तोवर तिचं दूध टाकीत जायचं नाही, कारण औषध दुधात उतरतं. ते दूध मोरीत ओतायचं. दाजींनी पहिला आठवडाभर ओतलं. मग त्यांच्यानं होईना. लहानपणी त्यांच्या घरात दूध फक्त पाहुणा आला तर दिसायचं, तेही चहात. असा माणूस रोज सकाळी भरली बादली मोरीत रिकामी करतो आणि घरी जाऊन तान्ह्या मुलीला पातळ पेज पाजतो. दुसऱ्या आठवड्यापासून झाकणाचा एक डबा त्यांच्या सायकलला लटकू लागला. घरी सांगितलं, मालकांनी मोठ्या मनानं रोजचं दूध बांधून दिलंय. ताईनं मालकांना पोटभर आशीर्वाद दिले.

मी तेव्हा नोकरीच्या शोधात आलेलो, ताईकडे राहत होतो. पुढे नोकरी लागली तरी सहा वर्षं तिथेच जेवलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या दाराशी दाजींच्या आईची खाट होती. तिथून त्यांना चूल, पाण्याचं पिंप आणि ताईचे दोन्ही हात एकदम दिसत. घरात दुधाचा पूर होता. चहा दुधाचा, भात दुधाचा, शेजारची दोन मुलं संध्याकाळी आपापला पेला घेऊन यायची. फक्त एक गोष्ट व्हायची नाही. त्या दुधाचं दही लागायचं नाही.

ताईनं काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तीन घरांतून विरजण मागून आणलं. भांडं शालीत गुंडाळून ठेवलं, पिठाच्या डब्यात ठेवलं, चुलीच्या उबेला ठेवलं. दूध कोमट आहे का ते आधी करंगळीनं पाहायची, मग मनगटावर थेंब टाकून. सकाळी झाकण काढलं की तेच, फिकट पाणी, त्यात दोन-चार धागे आणि एक विचित्र वास. दाजींच्या आई खाटेवरूनच विचारायच्या, "काय गं, आज तरी मेहेरबानी झाली का?" ताई भांडं लपवायची. लपून काय राहतंय.

पुढे ते रोजचंच झालं. भाजी खारट झाली, कपडा फाटला, मुलगी आजारी पडली, सगळं त्या हातावर जायचं. "दही लागत नाही हिच्या हाताला, घर काय लागणार," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगत. एकदा मालकांच्या घरून वाडगाभर दही आलं. बंगल्यामागे मालकांच्या स्वतःच्या दोन गाई होत्या, घरच्यापुरत्या. त्यांचं दूध गोठ्याच्या टाकीत कधी गेलं नाही आणि गोठ्याचं दूध बंगल्यात कधी आलं नाही. ते दही सुरीनं कापावं असं घट्ट. दाजींच्या आईंनी ताईला समोर बसवलं, चमचा उभा रोवून दाखवला आणि म्हणाल्या, "हे बघ. याला हात म्हणतात." ताई तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिनं चमचा उभा राहिलेला पाहिला आणि उठून भांडी घासायला गेली.

दाजी म्हणायचे, मला दही आवडतच नाही, कशाला एवढा खटाटोप. आम्हाला वाटायचं बायकोची बाजू घेतात.

एक दिवस दाजी जेवणाचा डबा विसरून गेले आणि मी तो द्यायला गोठ्यावर गेलो. तोवर मी आत कधी गेलो नव्हतो. आजारी गाईंच्या छपरात एका भिंतीला फळी होती आणि फळीवर काचेचे नऊ पेले ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर गाईचा नंबर. दाजींना पेले कुणी पाहिले की आवडायचं. ते माझ्याजवळ आले, ओल्या हातानंच एक पेला उचलून तिरका केला. आत दही होतं, हललं नाही.

"अठ्ठावीस नंबर सुटली. आज पट्टी काढायची." मग दुसरा पेला तिरका केला. त्यात पाणी सरकलं. "ही बघा. हिचं अजून तीन-चार दिवस टाकीत नाही."

मी विचारलं, याचं का लागलं नाही.

"औषध आहे ना अजून दुधात. दही म्हणजे तरी काय, मेव्हणे, जंतूच. औषधाला थोडंच कळतं कासेतला कुठला आणि विरजणातला कुठला. समोर आला त्याला मारतं." आणि हसून म्हणाले, "जनावरांच्या डॉक्टरांकडे कागदाच्या पट्ट्या आहेत तपासायला. ते पण शेवटी माझ्या पेल्याकडे बघूनच सही करतात."

मी डबा फळीवर ठेवला. मला लगेच कळलं की नाही ते आता सांगता येत नाही. मला वाटतं, कळलं होतं. घरी येईपर्यंत तर कळलंच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि दाजींच्या आईंनी नेहमीचं सुरू केलं. शेजारणीची नवी सून येऊन आठ दिवस झाले नाहीत, तिच्या हातचं दही कसं लागतं, वगैरे. मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला. ताईनं वाढला.

दुसऱ्या दिवशी चौकापर्यंत आम्ही बरोबर चालत होतो, तेव्हा मी धीर करून विषय काढला. दाजी सायकल हातात धरून चालत राहिले. म्हणाले, "आईला कळलं आजारी गाईचं दूध आहे, तर ती डबा उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. मग पोरीला दूध कुठून आणू? तुम्ही आणाल?" मी म्हटलं, निदान ताईला तरी सांगा. "सांगितलं तर ती पोरीला पाजेल का? उकळलं की सगळं मरतं हो. आणि दह्याचं काय एवढं. म्हातारी बोलते, बोलू दे. बायका बोलतातच एकमेकींना."

मी पुढे काही बोललो नाही. मी त्यांच्या घरी जेवत होतो. पण खरं सांगायचं तर नसतो जेवत तरी बोललो नसतो.

मुलगी मोठी झाली, शाळेत गेली, दाजींचा पगार वाढला. आता बाहेरचं दूध घेणं जमण्यासारखं होतं. पण डबा बंद झाला नाही. रोजची गोष्ट होऊन बसली होती, आणि बंद करायचा तर का ते सांगावं लागलं असतं. मी ते पेले पाहिल्यानंतर सोळा वर्षांनी दाजींच्या आई गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांना काही गिळवत नव्हतं. ताई चमच्यानं दही भरवत होती. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "विकतचं?" ताई म्हणाली, हो. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचं मला ऐकू आलेलं ते शेवटचं वाक्य.

इकडे गोठा वाढत होता. साठ गाईंच्या चारशे झाल्या. शहरात दुधाला मागणी वाढली, लोकांना दोन्ही वेळा पिशवी दारात हवी आणि स्वस्त हवी. त्याच छपराला छपरं जोडत गेले. गाई खेटून उभ्या, पाय कायम ओले, म्हणून आजार जास्त, म्हणून औषध जास्त. पुढे पुढे तर आजार यायच्या आधीच औषध. आटवायच्या वेळी, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना, प्रत्येक गाईच्या चारही सडांत औषधाची नळी, दुखत असो वा नसो. वासरांच्या खाण्यात पावडर. निळ्या पट्टीचं दूध इतकं झालं की दाजींच्या डब्यात मावेना, ते गोऱ्ह्यांना पाजायला लागले. नऊ पेल्यांची फळी होती तिथे दोन फळ्या झाल्या.

दाजींना शाळा फारशी नव्हती, पण त्यांचं लक्ष होतं. मला म्हणायचे, पूर्वी एका नळीत सूज उतरायची, गाय दुसऱ्या दिवशी चाऱ्याला तोंड लावायची. आता तीन-तीन नळ्यांना दाद देत नाहीत. पहिलं औषध, मग दुसरं, मग डॉक्टर पेटीच्या तळातून तिसरं काढतात. तिसऱ्यालाही दाद दिली नाही की चौथं नसतं, ट्रक येतो. ट्रकमध्ये चढवताना पट्टी काढून घ्यावी लागायची, ती पुढच्या गाईला लागते.

भाची शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि तिनं एका सुट्टीत येऊन जाहीर केलं की ती आता दूध पीत नाही, मांसही खात नाही. ताई घाबरली, पोरीला काही झालं की काय. दाजी हसले. म्हणाले, "आख्खी वाढलीस ती कशावर, हवेवर?" भाचीनं ऐकून घेतलं नाही. तिनं वाचलेलं सगळं सांगितलं. चारशे गाई एका छपराखाली कोंडायच्या तर त्या औषधावरच जगणार, आणि तीच औषधं उद्या माणसाला लागली तर चालणार नाहीत, असं काहीसं. म्हणाली, बाबा, लोकांनी थोडं कमी प्यायलं, थोडं महाग घेतलं तर एवढं लागणारच नाही. दाजी म्हणाले, "तू एक पेला कमी पिऊन माझ्या गाई सुटणार आहेत होय गं? बस गुपचूप, जेव." पण त्यांनी मान खाली घातली ती मी पाहिली. भाची जे पुस्तकात वाचून आली होती ते हा माणूस रोज हातानं चाचपत होता.

दाजी निवृत्त झाले तरी सकाळी गोठ्यावर जात. नवा माणूस घाईचा होता, दुखऱ्या कासेला त्याचा हात जड पडायचा. दाजी दोन-तीन गाईंची धार काढून द्यायचे आणि डबा भरून घरी यायचे. ताई त्यांचे कपडे धुवायची, डबा घासायची. तिला तोवर गुडघ्यांनी बेजार केलं होतं. उठताना भिंत धरायची, जिना तर बसूनच उतरायची. शेवटी भाचीनंच पाठपुरावा करून ऑपरेशन ठरवलं. उजव्या गुडघ्यात नवा सांधा बसवायचा. ताई भीत होती, पण खुशीतही होती. म्हणाली, बाजारात पायी जाईन, कुणाला सांगावं लागणार नाही हे आण नि ते आण.

दाखल करायच्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म दिला. दाजींनी तो माझ्याकडे सरकवला, लिहायचं काम माझं. नाव, वय, आधीचे आजार. खाली एक प्रश्न होता, घरातील कुणाचा गुरांशी किंवा कोंबड्यांशी कामानिमित्त संबंध आहे का. मी पेन थांबवून दाजींकडे पाहिलं. खिडकीवरच्या बाईंनी थोड्या वेळापूर्वी नाकाला रुमाल लावला होता. सर्दी असेल त्यांना. पण दाजींनी ते पाहिलं होतं. आयुष्यभर बसमध्ये लोक त्यांच्या शेजारून उठून गेलेले. भाचीच्या शाळेत ताईनं कायम सांगितलं की ते डेअरीच्या ऑफिसात आहेत.

"लिहा, नाही," दाजी म्हणाले. "मी निवृत्त आहे. खोटं नाही ते."

मी 'नाही' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ताई वॉकरला धरून चार पावलं चालली. पाचव्या दिवशी टाके लाल झाले, ताप आला. औषध सुरू केलं. दोन दिवसांनी बदललं. जखमेतून पाणी येत होतं, गुडघा मांडीपर्यंत सुजला. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर दाजी बाहेरच्या बाकावर बसले होते, वळलेले अंगठे मुठीत धरून.

"तिसरं चालू केलं," ते म्हणाले.

मी शेजारी बसलो. तिसऱ्याचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता.

त्याच दुपारी डॉक्टर बाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. तिशीच्या असतील, दमलेल्या होत्या. ताई डोळे मिटून पडली होती. भाची उशाशी, मी दाराजवळ. डॉक्टर म्हणाल्या, जखमेतला जंतू नेहमीचा नाही, आमच्या पहिल्या दोन्ही औषधांना तो मुळीच दाद देत नाही. असा जंतू बहुतेक वेळा गुरांच्या गोठ्यात सापडतो. मग फॉर्म काढला. "इथे तर 'नाही' लिहिलंय. नक्की नाही ना?"

दाजी उभे होते ते अजून सरळ उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. आजारी गाईंचं काम, चौतीस वर्षं, अजूनही जातो. निळी पट्टी. डबा. डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे औषधाचं दूध घरात प्यायचं? किती दिवस? दाजी म्हणाले, "मुलगी तान्ही होती तेव्हापासून." डॉक्टर लिहायच्या थांबल्या.

"इतकी वर्षं? घरात कुणालाच काही वेगळं जाणवलं नाही?"

दाजींनी खरं उत्तर दिलं. खरं बोलायला लागल्यावर ते थांबले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन. ते म्हणाले, "दही लागायचं नाही."

ताईनं डोळे उघडले.

डॉक्टर बोलत होत्या. दुधामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही, तुमच्या हातांवरून आला असेल, कपड्यांवरून, डब्यावरून, कुठून ते कुणीच सांगू शकणार नाही. पण आधी कळलं असतं तर ऑपरेशनच्या आधी वेगळी तपासणी केली असती, वेगळ्या औषधानं सुरुवात केली असती. सहा दिवस गेले. असं त्या म्हणाल्या, रागानं नाही, सांगायचं म्हणून. भाचीला म्हणाल्या, तुम्हीही तपासून घ्या. आणि गेल्या.

ताईनं मान वळवली. आवाज तापानं बारीक झाला होता.

"अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

दाजींनी हो अशी मान हलवली.

"आई बोलायच्या तेव्हा?"

दाजींनी पलंगावरची चादर सारखी केली. भाचीला काही उलगडेना, ती एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. ताईची नजर मग माझ्याकडे आली. "तुलाही?" मी हो म्हटलं. आयुष्यात एकदा तरी मी लवकर उत्तर दिलं.

ती म्हणाली, "तू लहान होतास."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दाढी करत होतो, नोकरी करत होतो.

पाय मांडीतून कापावा लागला. चौथं औषध निघालं, पण ते पायाच्या वर चढलेलं विष थांबवण्यापुरतं कामी आलं. ताई वाचली. लोक म्हणाले, नशीब थोर. भाची आईजवळ दोन महिने राहिली. मला वाटलं होतं ती बापाला बोलेल, मी सांगत होते म्हणेल. तिनं फक्त दुधाचा डबा घेतला आणि कचऱ्यात टाकला. दाजींनी गोठ्यावर जाणं सोडलं.

ताईची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आली, कारण तिथेच जागा होती. घरी आल्यावर आठवडाभरानं तिनं भाचीला सांगितलं, बाहेरच्या गवळ्याकडून दूध आण, दोन गाईंवाला आहे तो. बसल्या जागी तिनं दूध करंगळीनं पाहिलं, मनगटावर थेंब टाकला, चमचाभर विरजण घातलं, झाकण ठेवलं. ना शाल गुंडाळली ना पिठाचा डबा. सकाळी मी चहाला गेलो तेव्हा तिनं दाजींना हाक मारली.

"अहो, जरा इकडे या."

दाजी आले. तिनं वाडगा उचलला आणि त्यांच्यासमोर उलटा केला. काही पडलं नाही. तसाच धरून ठेवला. मग सरळ केला, एका वाटीत काढलं आणि त्यांच्या पुढे ठेवलं.

"ज्यांना दाखवायचं त्या गेल्या," ती म्हणाली. "तुम्ही खा."

दाजींनी खाल्लं. त्या दिवसापासून दोन वर्षं रोज सकाळी ताई दह्याची वाटी पुढे ठेवायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत बघत बसायची. दोघं नेहमीसारखं बोलायची, भाजीचं, औषधांच्या वेळांचं, भाचीच्या फोनचं. त्या वाटीबद्दल कुणी काही बोलायचं नाही. एकदा दाजींना खोकला होता, डॉक्टरांनी थंड खाऊ नका म्हटलं होतं. त्यांनी तेही ताईला सांगितलं नाही, खाल्लं. मी एकदा एकटं गाठून म्हटलं, दाजी, मी बोलू का ताईशी. ते म्हणाले, "आत्ता बोलता होय, मेव्हणे?" आणि हसले. तेवढंच काय ते मला बोलले.

ते पहाटे गेले, झोपेतच. माणसं आली, गेली. सगळं आटोपून आम्ही परत आलो तेव्हा दुपार झाली होती. ताई खाटेवर बसली होती, रडून झालं होतं. ओट्यावर आदल्या दिवशी लावलेला वाडगा तसाच झाकलेला होता. मी विचारलं, याचं काय करू.

"ओत मोरीत," ताई म्हणाली.

मी वाडगा मोरीपाशी नेऊन उलटा केला. दही पडेना. चमच्यानं सुटं केलं, तरी गोळा होऊन जाळीवर बसलं, खाली जाईना. शेवटी मी खाली बसलो आणि बोटांनी फोडत फोडत ते ढकललं. वरून पाणी घालत होतो. ताई खाटेवरून माझ्या हातांकडे बघत होती.